नेम चुकला तर दोष कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेम्सवर लेख आला आहे. त्यात निन्टेंडो वी या कन्सोलवरच्या ‘द हाउस ऑफ द डेड: ओव्हरकिल’चा निकाल चार ओळींत लावून टाकला आहे. टीव्हीसमोर उभे राहायचे, झोंबी दिसला की चाप ओढत राहायचे, नेम धरण्याचे कारणच नाही, असे लेखकाचे म्हणणे. वर वाचकांना सल्ला, की माळ्यावर खेळातली जुनी बंदूक पडली असेल तर खाली काढा, आजच्या टीव्हीला जोडा, तीच मजा येईल. यातले पहिले म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच त्यावर सविस्तर लिहिण्यासारखे आहे. दुसरे साफ चुकीचे आहे. ते आधी निकालात काढतो, नाहीतर त्यापायी कोणी जुनी बंदूक विकत घेऊन बसेल.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालायच्या व्हिडिओ गेमबरोबर जी प्लास्टिकची बंदूक मिळायची आणि जिने घरोघरी बदके मारली जायची, ती काही सोडत नव्हती, ती नुसती बघत होती. नळीत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा डायोड, एवढाच तिचा संसार. चाप ओढला की खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढायचा. दोन बदके असली तर दोन चौकोन, एकामागून एक. नळीला काळ्यानंतर पांढरे नेमके कोणत्या फ्रेमला (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी कोणत्या चित्राला) दिसले, त्यावरून कोणते बदक पडले ते ठरायचे. बल्बकडे नळी धरून फसवता येऊ नये म्हणून निन्टेंडोच्या मूळ बंदुकीत साधारण १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच पुढे जाऊ देणारे फिल्टर होते. पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर आडव्या रेघा सेकंदाला जवळपास तितक्याच उमटतात. (स्वस्तातल्या नकली बंदुकांत हे फिल्टर असेलच असे नाही. तिथे चाळीस वॅटचा बल्ब हाच सगळ्यात मोठा शिकारी.)

पुढच्या पिढीच्या बंदुकांनी चौकोनाचा उपद्व्याप सोडला आणि वेळ मोजायला सुरुवात केली. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांत संपते आणि पडदा सेकंदाला ५० वेळा वरून खाली रंगवला जातो. रंगवणारा ठिपका नळीसमोरून कधी गेला, हे कळले की कितवी रेघ आणि रेघेवर कुठे, दोन्हीचा हिशेब लागतो. १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आलेल्या, याच मालिकेतल्या ‘हाउस ऑफ द डेड २’मध्ये प्रत्येक गोळीला पडदा लख्ख पांढरा होतो तो याचसाठी. अंधारा कोपरा असला तरी बंदुकीला ठिपका दिसला पाहिजे.

आता एलसीडी किंवा एलईडी टीव्हीकडे पाहा. धावता ठिपका तिथे नाहीच. मागचा दिवा सतत जळत असतो आणि चित्र आधी टीव्हीच्या स्मृतीत साठते, मोठे केले जाते, मग दिसते. बंदूक ज्या क्षणाची वाट पाहते तो क्षण येतच नाही. त्यामुळे माळ्यावरची बंदूक नव्या टीव्हीवर चालली नाही तर ती बिघडली असे समजून उघडू नका. १०० हर्ट्झच्या जुन्या ट्यूब टीव्हीवरही ती चालत नाही, कारण तिथे रेघांची गती दुप्पट झालेली असते. ड्रीमकास्ट व्हीजीए केबलने संगणकाच्या मॉनिटरला जोडला तरी बंदूक गप्प बसते. साधा ट्यूब टीव्ही आणि साधी लाल-पांढरी-पिवळी केबल असली की ती चालते.

‘ओव्हरकिल’ला ही अडचण नाही, कारण वीचा रिमोट ही लाइट गन, म्हणजे पडद्याचा उजेड ओळखणारी बंदूक, नव्हेच. त्याच्या टोकाला काळ्या खिडकीआड इन्फ्रारेड कॅमेरा आहे. टीव्हीवर किंवा टीव्हीखाली ठेवायची ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी, नाव काहीही असो, काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड एलईडी आहेत, साधारण २० सेंटिमीटरच्या अंतरावर. रिमोटचा कॅमेरा हे दोन ठिपके पाहतो, त्यांची जागा सेकंदाला सुमारे १०० वेळा कन्सोलला कळवतो आणि त्यावरून पडद्यावरची नेमाची फुली हलते. टीव्ही ट्यूबचा असो, एलईडी असो की भिंतीवरचा प्रोजेक्टर, रिमोटला त्याच्याशी घेणेदेणे नाही.

घेणेदेणे नाही, हीच त्याची दुसरी बाजू. टीव्ही ३२ इंचाचा आहे की ५५ इंचाचा, तुम्ही किती लांब उभे आहात, पडदा पट्टीच्या किती वर सुरू होतो, यातले रिमोटला नीट काहीच कळत नाही. म्हणून नळीची सरळ रेघ जिथे जाते तिथे गोळी लागत नाही, फुली असते तिथे लागते. खऱ्या लाइट गनने खेळलेला माणूस सवयीने नळीवरून डोळा लावतो, चार गोळ्या वाया घालवतो आणि खेळाला शिव्या देतो. कॅलिब्रेशन, म्हणजे नेम जुळवून घेणे, केले तरी ते त्या एका जागेपुरते, त्या एका अंतरापुरते खरे. दोन पावले मागे सरकलात की बिघडले. ‘ओव्हरकिल’ दोन्ही डोळे उघडे ठेवून, नळीकडे न बघता, फुलीकडे बघून खेळायचा खेळ आहे. हे एवढे ध्यानात घेतले की निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्यांतल्या बऱ्याचशा खोलीच्या असतात. नेम थरथरतो, फुली अचानक कोपऱ्यात पळते, मधेच गायब होते, असे झाले की आधी खोलीत दुसरा इन्फ्रारेड उजेड कुठे आहे ते शोधावे. पडदा न ओढलेली पश्चिमेची खिडकी, पिवळा तापणारा बल्ब, टीव्हीशेजारच्या देव्हाऱ्यातली समई, हे सगळे कॅमेऱ्याला पट्टीसारखेच दिसते. गणपतीच्या मखराला जुन्या पद्धतीच्या बारीक बल्बांची माळ असेल तर ती बंद करा. एलईडीच्या माळेचा त्रास नाही, तिच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतेच. आपल्या दिवाणखान्यातले काचेचे शोकेस हा आणखी एक छुपा गुन्हेगार. त्यात पट्टीचे प्रतिबिंब पडते आणि दोनाचे चार ठिपके होतात. वीच्या सेटिंग्जमध्ये संवेदनशीलता १ ते ५ अशी बदलता येते. खोलीत असा जादा उजेड असेल तर ती कमी करायची, लांब उभे राहायचे असेल तर वाढवायची. पट्टी टीव्हीच्या वर आहे की खाली, हेही तिथे सांगावे लागते. ते उलटे राहिले तर नेम सतत वर किंवा खाली बसतो.

पट्टी चालू आहे की नाही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघता येते, टोकांना जांभळट ठिपके दिसले पाहिजेत. मागच्या कॅमेऱ्यात दिसले नाहीत तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा, त्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच बऱ्याचदा कमी कडक असते. पट्टीची वायर बारीक असते आणि प्लगपाशी तुटते. त्या वायरीतून फक्त वीज जाते, माहिती नाही, त्यामुळे बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारी कोणतीही पट्टी चालते. तेवढाही धीर नसेल तर २० सेंटिमीटरच्या अंतराने दोन पणत्या ठेवा. थट्टा नाही, खेळ व्यवस्थित चालतो. टीव्हीच्या प्लास्टिकपासून त्या दूर ठेवल्या म्हणजे झाले.

उभे राहायचे अंतर एक ते तीन मीटर. त्याहून जवळ गेलात तर कॅमेऱ्याला दोन्ही ठिपके एका वेळी मावत नाहीत आणि पडद्याच्या कडेला नेम धरताच फुली नाहीशी होते. दोघे खेळणार असाल तर खांद्याला खांदा लावून मधोमध उभे राहा. एक जण सोफ्याच्या टोकाला बसला की त्याला पट्टी तिरपी दिसते आणि त्याचा नेम जोडीदारापेक्षा वाईट राहतो. त्यात त्याचा दोष नसतो.

टीव्हीचा दोष मात्र असतो. नवा टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी थांबवून ठेवतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तीन फ्रेम, तेवढ्यात झोंब्याचे डोके फुलीतून निघून जाते. ‘गेम मोड’ लावावा, हालचाल गुळगुळीत करणारी सगळी फीचर्स बंद करावीत. पाल वी असेल तर सेटिंग्जमध्ये ६० हर्ट्झ निवडावे, आणि जमल्यास पाच पिनांची कंपोनंट केबल घेऊन ४८०पी, म्हणजे वीचे सर्वांत स्पष्ट चित्र.

सेकंड-हँड कन्सोल घेणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः अमेरिकेतल्या नातलगांकडून मागवणाऱ्यांसाठी, दोन गोष्टी. अमेरिकन वीचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत नुसती पिन बदलून खुपसला की जळतो. बाहेर पडणारी वीज १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर आहे. एकतर १०० ते २४० व्होल्ट चालणारा वीचाच अडॅप्टर घ्यावा (त्याचा प्लग वेगळ्याच आकाराचा असतो, साधा गोल प्लग बसत नाही), किंवा निदान १०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. दुसरी गोष्ट, कन्सोल आणि डिस्क एकाच प्रदेशाची हवी. अमेरिकन वीवर युरोपातली पाल डिस्क चालत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी.

राहिला रिमोट बसवायचा बंदुकीचा सांगाडा. निन्टेंडोचा स्वतःचा ‘झॅपर’ २००७ चा. दिसायला छान, पण या खेळात अडचणीचा. चाप रिमोटचे खालचे बटन दाबतो ते ठीक, पण रिमोट पुढच्या भागात बसतो आणि वरच्या बटनांवर अंगठा पोहोचत नाही. ‘ओव्हरकिल’मध्ये गोळ्या भरायला मनगटाचा झटका द्यायचा किंवा बटन दाबायचे. झटक्याने दरवेळी फुली जागेवरून उडते आणि ती परत आणेपर्यंत पुढचा शत्रू अंगावर येतो. बटनाने भरणे कधीही बरे. म्हणून सांगाडा न घालता नुसता रिमोट हातात धरलेला उत्तम, किंवा पिस्तुलाच्या आकाराचा असा सांगाडा, ज्यात अंगठा मोकळा राहतो. दिसायला रुबाबदार नाही, पण नेम त्यानेच सुधारतो. नंचक, म्हणजे रिमोटला वायरने जोडायचा दुसऱ्या हातातला कंट्रोलर, या खेळाला लागत नाही, जोडूही नये.

एवढे झाल्यावर जो उरतो तो खेळ. लेखकाला जो दिसला नाही तो.

‘ओव्हरकिल’ फेब्रुवारी २००९ मध्ये आला. प्रकाशक सेगा, पण बनवला लंडनच्या हेडस्ट्राँग गेम्सने. गोष्ट मूळ मालिकेच्या आधीची, १९९१ सालातली, अमेरिकेच्या लुइझियानातल्या दलदलीच्या मुलखातल्या एका काल्पनिक शहरात घडणारी. एजंट जी हा मालिकेतला जुना गडी, त्याच्या जोडीला आयझॅक वॉशिंग्टन हा तोंडाळ पोलीस. सत्तरच्या दशकातल्या स्वस्त, भडक अमेरिकन सिनेमांची नक्कल हा या खेळाचा बाज. पडद्यावर ओरखडे, फुटलेले रंग, मॉर्निंग शोला येणाऱ्या झिजलेल्या रिळांची कळा. सुरुवातीच्या खेळांत वाईट संवाद वाईट पद्धतीने म्हटले गेले आणि तेच लोकांना आवडले; इथे तो वाईटपणा ठरवून, कारागिरीने केला आहे. शिव्यांच्या संख्येसाठी या खेळाची गिनीज बुकात नोंद झाली. एकच इंग्रजी शिवी १८९ वेळा. पहिल्या तासात हसू येते, दुसऱ्या तासात कान बधिर होतात. संगीत मात्र शेवटपर्यंत टिकते, मुद्दाम त्या काळच्या फंकच्या ढंगात बांधलेले आहे आणि गोळीबाराच्या गोंधळातही ऐकू येते.

पण खेळाचे खरे बलस्थान दुसरेच आहे आणि ते पडद्याच्या कडेला एका लहानशा मीटरमध्ये आहे. लागोपाठ नेम लागत गेला की मीटर चढतो आणि प्रत्येक बळीचे गुण वाढतात. एक गोळी हवेत गेली की मीटर कोसळतो. (सर्वांत वरच्या पायरीचे नाव कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात छापण्याजोगे नाही.) या एका नियमाने सगळे बदलते. चाप ओढत राहणाऱ्याला खेळ पुढे जाऊ देतो, पण गुण देत नाही. गुण हवे असतील तर श्वास धरून, डोके स्थिर होण्याची वाट पाहून, एकेक गोळी मोजावी लागते. डोक्याला मारले तर कमी गोळ्यांत काम होते, म्हणजे पिस्तूल रिकामे होण्याच्या वेळा कमी, म्हणजे भरताना होणारा खोळंबा कमी. मागच्या रांगेतला झोंबी पुढच्याच्या खांद्याआडून दिसतो तेव्हा गोळी राखून ठेवायची की घाई करायची, हा निर्णय दर दोन सेकंदांनी घ्यावा लागतो. नेमाची गरज नाही म्हणणाऱ्याने हा मीटर पाहिलाच नसावा.

मग लेखक अर्धा खरा कसा? कारण खेळाने हा उत्तम नियम करून बाकी सगळीकडे त्यालाच पाणी घातले आहे.

गोष्टीच्या मुख्य प्रकारात मेलात तर पुन्हा उभे राहायला कितीही संधी आहेत. दंड एकच, गुण निम्मे होतात. ज्याला गुणांची पर्वा आहे त्याला तो झोंबतो, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला गुणांची पर्वा कशाला असेल? त्याला पुढचे दृश्य बघायचे असते आणि ते त्याला मिळतेच. अशा रीतीने सातही प्रकरणे तीनेक तासांत संपतात आणि खेळणारा म्हणतो, सोपा आहे, छोटा आहे. आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, दर मरणाला नाणे जात होते, ती भीती घरात कुठून आणायची हा या जातीच्या प्रत्येक खेळापुढचा जुना प्रश्न. ‘ओव्हरकिल’ने तो सोडवलेला नाही, पुढे ढकलला आहे.

दुसरे पाणी बंदुकांच्या दुकानाचे. प्रकरण संपले की पैसे मिळतात, त्यातून शॉटगन, एसएमजी (छोटी मशीनगन), रायफल वगैरे घ्यायच्या, शिवाय प्रत्येकीची ताकद, गोळ्यांची संख्या, भरण्याचा वेग वाढवायचा. जुनी प्रकरणे पुन्हा खेळून पैसे साठवता येतात. कल्पना वाईट नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळायला कारण मिळते. पण तोल गेला आहे. अर्ध्यात पोहोचेपर्यंत हाती अशी बंदूक येते की पुढचे शत्रू तिला पुरत नाहीत. शॉटगनचे छर्रे पसरतात, तेव्हा नेम जवळपास धरला तरी भागते. एसएमजीचा वर्षाव निदान मीटरला महागात पडतो, सरीतल्या एकदोन गोळ्या हवेत जाणारच. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो खेळ सांगत नाही. पहिली फेरी सुरुवातीच्या एएमएस मॅग्नम पिस्तुलानेच खेळावी. पैसे त्याच पिस्तुलाच्या गोळ्या आणि भरण्याच्या वेगावर घालावेत, ताकदीवर नाही. अडचण योग्य तेवढी राहते आणि मीटर जिवंत राहतो.

तिसरी उणीव बॉसशी, म्हणजे प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूशी, होणाऱ्या लढतींची, आणि ही पिस्तुलानेही भरून निघत नाही. ‘हाउस ऑफ द डेड २’मध्ये सहा प्रकरणांचे सहा बॉस, नावे भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरून घेतलेली: जजमेंट, हायरोफंट, टॉवर, स्ट्रेंग्थ, मॅजिशियन, एम्परर. त्यातला मॅजिशियन हवेत सटकत राहतो, आणि तो जवळ येण्याआधी ठरावीक मारा बसला नाही तर जीव जातोच. तो पाठ करावा लागतो. ‘ओव्हरकिल’चे बॉस दिसायला भन्नाट आहेत, जत्रेच्या प्रकरणातले नायजेल आणि सबॅस्टियन हे जोडभाऊ तर विसरले जाणार नाहीत. पण लढत म्हटली तर, कुठे मारायचे ते खेळच दाखवतो, तिथे मारत राहायचे, ते अंगावर धावून आले की पुन्हा मारायचे. फेकलेल्या वस्तू हवेतच फोडाव्या लागतात एवढाच काय तो घाम. प्रकरणाच्या पोटात खेळणाऱ्याला जितके सावध ठेवले आहे तितके त्याच्या शेवटी ठेवलेले नाही, ही उलटी गंगा.

वाटा फुटत नाहीत, हेही खटकते. ‘२’मध्ये माणसाला वाचवले तर एका दाराने, नाही वाचवले तर दुसऱ्या दाराने पुढे जायचे. त्यामुळे एकाच प्रकरणाच्या अनेक वाटा, आणि चुकून माणसालाच गोळी घातली तर एक जीव वजा. ‘ओव्हरकिल’मध्येही वाचवायची माणसे आहेत, पण वाट तीच राहते.

आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे चित्राचे अडखळणे. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली आणि त्याच वेळी कॅमेरा वळला की वीची दमछाक होते, चित्र गचके खाते. एरवी हे डोळ्याला खुपले असते एवढेच. इथे त्याचा थेट फटका बसतो, कारण रिमोट हाताची जागा वेळेवर कळवत असला तरी फुली पुढच्या फ्रेमलाच दिसते, आणि ती फ्रेम उशिरा येते. फुली एकदम उडी मारते, गोळी बाजूने जाते, मीटर कोसळतो. म्हणजे ज्या खेळात एक चूक सगळ्यात महाग आहे, त्याच खेळात ती चूक यंत्र करते. कॅमेरा फिरत असताना गोळी न झाडणे, तो थांबला की मगच पहिला नेम, हा एकच बचाव.

खरा ‘ओव्हरकिल’ सुरू होतो तो गोष्ट संपल्यावर. तेव्हा ‘डायरेक्टर्स कट’ उघडतो: तीच प्रकरणे, पण लांब, शत्रू जास्त, आणि पुन्हा उभे राहण्याच्या संधी फक्त तीन. दुकान, मीटर, मोजक्या संधी, हे तिघे इथे प्रथमच एकमेकांच्या विरोधात न जाता एकत्र काम करतात. हाच प्रकार सुरुवातीपासून खुला असता तर लेखकाचे मत वेगळे झाले असते असे वाटते. बरेच जण तीन तासांत डिस्क काढून ठेवतात आणि चांगला खेळ डब्यात बंद होतो.

डिस्क मिळत नसेल तर? २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ‘एक्स्टेंडेड कट’ आला, त्यात जादा प्रकरणे आहेत, चित्र जास्त स्पष्ट आहे. तिथे ‘मूव्ह’ नावाच्या हातातल्या कंट्रोलरच्या टोकावरचा प्रकाशता गोळा टीव्हीवरचा कॅमेरा पाहतो, म्हणजे वीच्या नेमके उलट. खोलीत मागे त्याच रंगाचा दिवा नको. २०१३ च्या ‘द टायपिंग ऑफ द डेड: ओव्हरकिल’मध्ये, म्हणजे पीसीवर, झोंब्यांवर शब्द टाइप करायचे असतात, शिवाय मूळ नेमबाजीचा खेळही आहे. माउसने तो पोरखेळ होतो, पण टायपिंगचा भाग बोटांची परीक्षा पाहतो. ज्यांना जुना कडक खेळ हवा त्यांनी वीवरच २००८ मध्ये आलेला ‘२ अँड ३ रिटर्न’ घ्यावा. २०२२ मध्ये पहिल्या भागाचा नवा अवतार निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला, तो बंदुकीच्या आशेने घेऊ नये. तिथे जॉय-कॉन या कंट्रोलरमधला जायरो (वळण मोजणारा सेन्सर) फक्त हात किती वळला ते मोजतो, टीव्ही कुठे आहे ते त्याला दिसत नाही. लहान लहान चुका साठत जातात, फुली हळूहळू सरकते आणि दर थोड्या वेळाने ती मधोमध आणावी लागते. आजच्या पडद्यावर खऱ्या लाइट गनच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे कॅमेरा बसवलेली सिंडेन गन. पडद्याभोवती पांढरी चौकट काढली जाते आणि ती पाहून बंदूक आपली जागा ओळखते. पण ती मुख्यतः पीसीसाठी आहे आणि तिची जुळवाजुळव हा एका रविवारचा उद्योग आहे.

लेखात राहून गेलेली एक बाब. पुरवणी मुलेही वाचतात. ‘ओव्हरकिल’ला युरोपात १८ वर्षांवरील आणि अमेरिकेत ‘मॅच्युअर’ दर्जा आहे, तो रक्ताइतकाच भाषेसाठी. आणि ट्यूब टीव्हीवर लख्ख पांढरे झळकणारे जुने खेळ फिट्स येणाऱ्या व्यक्तीसमोर सुरू करू नयेत.

जुन्या बंदुकीबद्दलच्या त्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. सेकंड-हँड बाजारात तशा बंदुका ‘एलईडी टीव्हीवर चालेल’ असे सांगून विकल्या जाऊ लागल्या, तर आपल्या पुरवणीचे कात्रण दाखवले जायला नको.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे